तेरा फोटो, चारच्या ओळी

मार्चमधला पहिला शनिवार, सकाळची वेळ. रक्कम बावीस हजार पाचशे रुपये. हजर होतो तिघे: चंदीगडच्या सेक्टर ३४ मधल्या एका कोचिंग क्लासचे मालक मल्होत्रा सर, त्यांचा हिशेब सांभाळणारे शर्माजी आणि त्यांची वेबसाइट करून देणारी मी. टेबलावरच्या स्क्रीनवर आणखी तेरा जण होते, पण ते फोटोतले.

त्यातल्या शेवटच्या फोटोवर मल्होत्रा सरांनी पेनाचं टोक टेकवलं.

"पाटील मैडम, ये नीचे अकेली क्यों बैठी है?"

"एका ओळीत चार बसतात सर. तीन ओळींत बारा झाले. ही तेरावी."

"तो हटाओ. बारह अच्छा लगता है. पूरा दर्जन."

आमचं बोलणं हिंदीतून चालायचं, मल्होत्रांचं निम्मं पंजाबीतून. माझी वाक्यं मी मराठीत लिहिते आहे, त्यांची आठवतात तशी ठेवली आहेत.

बावीस हजार पाचशे रुपये त्या तेराव्या फोटोचे होते. ते कसे, हे सांगण्याआधी मी हे काम कसं करू लागले आणि त्यात नेमकं काय करावं लागतं ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही.

कराडच्या एका पतसंस्थेत मी चौदा वर्षं हिशेबाच्या टेबलावर होते. नवऱ्याला चंदीगडच्या विद्यापीठात शिकवायची नोकरी लागली तेव्हा राजीनामा दिला. इथे आल्यावर हिशेबाचं काम शोधलं. एकाने विचारलं, पंजाबी येतं का. दुसऱ्याने विचारलं, मिस्टरांची बदली कधी आहे. मग पंचेचाळिसाव्या वर्षी वेब डिझाइनच्या वर्गात नाव घातलं. वर्गातली बाकीची मुलं विशीतली. मला आंटीजी म्हणायची आणि माझ्याच वहीतून उतरवून घ्यायची.

लोकांना वाटतं, हे काम म्हणजे रंग आणि चित्रं. रंग एका दुपारी ठरतात. बाकी सगळा वेळ मांडणीत जातो. स्वयंपाकघरातली फळी डोळ्यांपुढे आणा. फळीवर चार डबे ठेवायचे आहेत. लॅपटॉपची फळी लांब, तिथे चार बसतात. टॅब्लेटची त्याहून आखूड, तिथे तीन. मोबाइलची वीतभर, तिथे दोन. डबे तेच, क्रम तोच. फळी बदलली की ते आपोआप नीट लागले पाहिजेत, आणि बघणाऱ्याच्या हातात कुठली फळी आहे हे तुम्हाला कधीच माहीत नसतं. छापखान्यातल्या माणसाला कागद ठाऊक असतो. आम्हाला नसतो.

माझं पहिलं काम सेक्टर ३२ मधल्या एका बेकरीचं होतं. एका ओळीत चार केक दाखवायचे. मी प्रत्येक केकला ओळीची पंचवीस टक्के जागा दिली. पंचवीस चोक शंभर. पाढा बरोबर, तरी चौथा केक खालच्या ओळीत पडला. पुन्हा मांडलं, पुन्हा पडला. बेकरीवाले सरदारजी भले गृहस्थ. ते म्हणाले, "बाकी सब ठीक है जी, ये पाइनएपल क्यों गिर गया?" दोन दिवस मी त्या अननसाच्या केकपायी जेवताना कुणाशी बोलले नाही. शेवटी लक्षात आलं की चार डब्यांच्या मध्ये तीन फटी असतात आणि त्या फटींना मी जागाच धरली नव्हती. आधी फटी वजा करायच्या, उरलेल्याचे चार भाग करायचे. पतसंस्थेत आधी खर्च वजा करून मगच लाभांश वाटत असू. चौदा वर्षं केलेली गोष्ट मी नव्या धंद्यात विसरले होते. त्या दिवसापासून मांडणी म्हणजे हिशेबच असं धरून मी चालते, आणि सहसा निभावतं.

आता त्या बावीस हजार पाचशेचं.

मल्होत्रा सरांचा क्लास नर्सिंगच्या सरकारी भरतीसाठी होता. फी पंचेचाळीस हजार. निवड झालेल्यांना निम्मी फी परत, हे जाहिरातीतच छापलेलं. पण त्याला एक अट होती: फोटो आणि नाव क्लासच्या वेबसाइटवर निकालाच्या पानावर लागल्यावरच पैसे मिळणार. अट विचित्र वाटेल, पण क्लासांनी भरलेल्या सेक्टर ३४ मध्ये राहिलेल्याला वाटणार नाही. तिथे वरच्या नंबराची एकच मुलगी तीन क्लासांच्या तीन फलकांवर हसताना दिसते. परतीचे पैसे एकाकडून घेऊन फोटो दुसऱ्याला द्यायचा, असे प्रकार झाले होते. म्हणून मल्होत्रांचा नियम: आधी फोटो, मग पैसे. आणि शर्माजींची पद्धत अशी की निकालाचं पान छापून घ्यायचं, त्यावर एकेका फोटोसमोर खूण करायची आणि त्याप्रमाणे पैसे खात्यांत पाठवायचे. मी केलेलं पान ही त्यांची वाटपाची यादी होती. हे मला त्या शनिवारपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

शर्माजी घसा खाकरून म्हणाले, "सरजी, हटाओगे तो इसकी वापसी रुक जाएगी."

"रुके तो रुके. अगली लिस्ट में डाल देंगे, तब ले लेगी. छह महीने की तो बात है."

मल्होत्रा पैशाला चिकट नव्हते. माझी ठरलेली रक्कम त्यांनी एक शब्द न बोलता कबूल केली होती. ती रिकामी जागा खरंच त्यांच्या डोळ्यांत खुपत होती. मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, "मैडमजी, लोग फोन पे देखते हैं. एक नीचे लटकी दिखे तो लगता है बचा-खुचा माल है."

मग म्हणाले, मागच्या वर्षीचे तीन फोटो घालून ओळ भरा. मी म्हटलं, वर 'या वर्षीची निवड' असं लिहिलं आहे, ते मी करणार नाही. मग म्हणाले, तीन शिक्षकांचे घाला. यावर शर्माजी हळूच म्हणाले, "शिक्षक सात हैं सरजी. चार नाराज होंगे." मल्होत्रा विचारात पडले. चार नाराज शिक्षक त्यांना परवडणारे नव्हते.

मी म्हटलं, पान सुंदर दिसणं आणि कुणाचे पैसे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. पैशांसाठी शर्माजींना वेगळी यादी द्या.

"मैडमजी, आप पेज बनाओ. क्लास मैं चला लूंगा." मग जरा नरमून, "अच्छा, एक हफ्ता. आपसे ठीक बैठ गया तो बैठ गया, नहीं तो हटा देना."

तेराव्या फोटोतल्या बाईचं नाव किरणबाला. गुणांच्या क्रमाने शेवटची, म्हणून पानावर शेवटची. तिचा फोटो कुठल्याशा समूहफोटोतून कापलेला होता, खांद्यावर दुसऱ्याच कुणाची तरी ओढणी आली होती. निदान फोटो तरी धड असावा म्हणून मी तिला फोन केला. पाठवते म्हणाली नाही, येते म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ड्यूटी संपवून घरी आली. बरोबर एक मैत्रीण होती, परमजीत. दोघी मोहालीकडच्या एका खासगी नर्सिंग होममध्ये कंत्राटी नर्स. किरणबाला तिशीतली, अंगाने बारीक, शहराला लागून असलेल्या मुल्लानपूरची. तिच्या घराच्या मागे पूर्वी मक्याचं शेत होतं, आता चौदा मजली इमारत आहे आणि दुपारनंतर अंगणात ऊन येत नाही, असं तिने चहा घेता घेता सांगितलं. तक्रार नव्हती, आपलं सांगितलं.

मी तिला खिडकीपाशी उभं करून फोटो काढू लागले. परमजीत बिस्किट खात म्हणाली, "दीदी, इसकी अच्छी न आए तो मेरी लगा देना. मैं इससे सोहणी हूँ."

"पहले पास तो हो जा," किरणबाला म्हणाली.

"होऊँगी. तू पैसे ला."

दोघी हसल्या, आणि मी विचारलं, कसले पैसे.

तेव्हा कळलं. आपल्याकडे जिला भिशी म्हणतात तिला इथे कमिटी म्हणतात. त्या नर्सिंग होममधल्या पाच जणींची एक कमिटी होती. महिना दीड हजार प्रत्येकी, म्हणजे साडेसात हजार. सहा महिन्यांत पंचेचाळीस हजार. टीव्ही, फ्रिज, लग्नकार्य यासाठी ती नव्हती. क्लासच्या फीसाठीच होती. पाचही जणींनी एकीची फी भरायची, ती नोकरीला लागली की क्लासकडून परत येणारे बावीस हजार पाचशे तिने घ्यायचे नाहीत. ते दुसरीच्या प्रवेशाचा पहिला हप्ता. दुसरा हप्ता तीन महिन्यांच्या कमिटीतून. पहिला नंबर किरणबालाचा, दुसरा परमजीतचा.

"आता परमजीतचा प्रवेश घ्यायचा?" मी विचारलं.

"घ्यायलाच हवा," किरणबालाच्या बोलण्याचा मथितार्थ हा. "नवा वर्ग सुरू होतोय. पुढच्या परीक्षेनंतर हिची उमर निकल जाएगी, दीदी. बस यही एक बार है."

सरकारी भरतीला वयाची मर्यादा असते. परमजीत त्या मर्यादेच्या काठावर होती. प्रवेश मार्चच्या तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होते.

मी त्यांच्यापासून काही लपवलं नाही. फोटो एकटा खाली राहतो, मालकांना ते बरं दिसत नाही, हटवायचं म्हणतात, मला आठवडा दिलाय, असं सांगितलं. परमजीतने बिस्किट बशीत ठेवलं. किरणबाला म्हणाली, "तेरह पास हुए तो तेरह ही दिखेंगे ना दीदी? इसमें बनाने का क्या है?"

मी तिचा नवा फोटो लॅपटॉपवर उतरवून घेतला.

त्या दोघी गेल्यावर मी पत्त्यांचा जोड काढला. त्यातले बदामचे तेरा पत्ते, एक्क्यापासून राजापर्यंत, जेवणाच्या टेबलावर मांडले. चारच्या ओळी लावल्या, राजा एकटा खाली. तीनच्या लावल्या, राजा एकटा खाली. मोबाइलसारख्या दोन-दोनच्या लावल्या, तेच. मोठ्या पडद्यासाठी सहाच्या, तरी तेच. तेव्हा कुठे दुखणं कळलं. दोन, तीन, चार, सहा या सगळ्यांनी बाराला भाग जातो. म्हणजे तेराव्याची कुठेच सुटका नाही. आम्ही या धंद्यात ओळी याच मापांच्या करतो, नेमक्या याच चार आकड्यांनी. पाचच्या ओळी केल्या तर खाली तीन उरतात, ते मधोमध बसवता येतात, पण मोबाइलवर पाच चेहरे म्हणजे नुसते ठिपके. आणि मल्होत्रा मोबाइलवरच बघणार होते.

माझी मुलगी सई कॉलेजातून आली. मी तिच्याशी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते. आमच्याकडे ते असंच आहे.

"मम्मा, पेशन्स खेल रही हो?"

मी तिला अडचण सांगितली.

"तो इसमें क्या? एक पेज मल्होत्रा अंकल के लिए, बारह वाला. एक शर्मा अंकल के लिए, तेरह वाला, छुपा हुआ. दोनों खुश."

"दोन वह्या ठेवायच्या नाहीत सई."

"ये वही नहीं है, वेबसाइट है."

"मालकाला एक दाखवायचं आणि कारकुनाला दुसरं, याला पतसंस्थेत आम्ही काय म्हणायचो ते तुला सांगत नाही. हात धुऊन ये."

नवरा वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाला, "अगं, पण मुलीचं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे." मी त्याला तांत्रिकदृष्ट्या कुकर लावायला सांगितला.

त्या आठवड्यात मी बरंच करून पाहिलं. शेवटची ओळ मधोमध आणली. तेरावा फोटो मध्ये आला, पण आणखीच एकटा दिसू लागला. फोटो ओळीत न मांडता एकामागून एक सरकत जातील असं केलं. मग तेरावा कुणालाच दिसेना, कारण तिथवर सरकवत जाण्याचे कष्ट कुणी घेत नाही. रिकाम्या तीन जागांत क्लासचा पत्ता, वेळ आणि नकाशा घातला. ते दिसायला वाईट नव्हतं, पण लॅपटॉपवरच्या तीन रिकाम्या जागांची मोबाइलवर एकच होते. तिथे नकाशा घालू की पत्ता?

उपाय सापडला तो पतसंस्थेतल्या एका सवयीतून. कर्जाची रक्कम हप्त्यांनी भागली नाही तर वरचे सुटे रुपये कुठल्या तरी एका हप्त्यात घालावे लागतात. बऱ्याच ठिकाणी ते शेवटच्या हप्त्यात घालतात. आमचे जुने व्यवस्थापक ते पहिल्यात घालायला लावत. म्हणत, शेवटी विचित्र आकडा आला की कर्जदाराला वाटतं आपल्याला फसवलं. पहिल्याच हप्त्यात घातला तर कुणाला काही वाटत नाही.

मी बदामचा एक्का उचलून सगळ्यांच्या वर ठेवला. एकटा, पूर्ण ओळ त्याची. खाली उरले बारा. दोनच्या ओळी: सहा. तीनच्या: चार. चारच्या: तीन. सहाच्या: दोन. कुठेही, कुठल्याही फळीवर, एकही जागा रिकामी नाही. राजा आपल्या ओळीत इतरांसारखाच शेजाऱ्याला लागून. उरलेला एक होताच. तो फक्त खालून वर नेला होता.

दुसऱ्या शनिवारी मल्होत्रांनी पान मोबाइलवर पाहिलं, मग लॅपटॉपवर, मग बायकोच्या टॅब्लेटवर, तो त्यांनी मुद्दाम मागवला होता. पहिली आलेली मुलगी आता वर पूर्ण रुंदीत झळकत होती. "ये तो हीरोइन लग रही है," ते म्हणाले. हीच मुलगी समोरच्या क्लासच्या फलकावरही आहे आणि तिथे ती लहान आहे, ही गोष्ट त्यांना विशेष आवडली. खालच्या ओळी त्यांनी बोटाने मोजल्या. "हुण ठीक है," आता ठीक आहे, असं म्हणाले. किरणबालाच्या नव्या फोटोवरून त्यांचं बोट पुढे गेलं, थांबलं नाही. मला एवढंच हवं होतं.

मी किरणबालाला कळवलं. पैसे आठवडाभरात खात्यात येतील असं शर्माजींनी सांगितल्याचंही कळवलं. काम संपलं असं मी धरलं.

तिसऱ्या शनिवारी दुपारी तिचा फोन आला. ती ड्यूटीतून मिनिटभर बाहेर आली होती, आवाज दबलेला.

"दीदी, पैसे नहीं आए. परमजीत वहाँ क्लास में बैठी है. आज पाँच बजे तक है."

मी स्कूटर काढली. सेक्टर ३४ ला पोचले तेव्हा परमजीत ऑफिसबाहेरच्या बाकावर बसली होती. मला बघून ती उठली.

शर्माजींच्या टेबलावर निकालाचं छापलेलं पान होतं. ते त्यांनी माझ्याकडे सरकवलं. "मैडम, आपका ही इंतज़ार था. ये देखो. ऊपर लिखा है, कुल चयन तेरह. फोटो गिनो."

मी मोजले. दहा.

"तीन कहाँ हैं?"

मला आधी काहीच कळेना. स्क्रीनवर तेरा होते. मग कागदाकडे नीट पाहिलं आणि कळलं. कागदाची रुंदी लॅपटॉपएवढी नसते. माझ्या पानाने कागदाला टॅब्लेट समजून तीनच्या ओळी केल्या होत्या. वरचा एक आणि खाली तीन ओळी, एवढे मावले. चौथी ओळ दुसऱ्या कागदावर गेली होती. त्या चौथ्या ओळीत किरणबाला.

"दुसरं पान छापलं नाही का?"

"दूसरा पन्ना कभी नहीं छापता. वेबसाइट के दूसरे पन्ने पे क्या होता है? नीचे का पता और एक लाइन. कागज़ की बर्बादी. मशीन में सेट कर रखा है, सिर्फ पहला."

त्यांचं खरं होतं. वेबसाइटचं पान छापलं की दुसऱ्या कागदावर बहुतेक वेळा असाच चोथा येतो. पडद्याच्या सगळ्या मापांचा मी विचार केला होता. कागद हेही एक माप आहे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"मग निदान या दहा जणांना तरी पाठवले का?"

शर्माजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "टोटल नहीं मिली तो कैसे भेज दूँ? किसी को नहीं भेजे."

मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं, म्हणून मला रागावताही येईना. मल्होत्रा भाच्याच्या लग्नाला जालंधरला गेले होते. शर्माजींनी दोन दिवस फोन लावला, उचलला गेला नाही, म्हणून ते कुणीतरी येऊन खुलासा करण्याची वाट बघत होते. माझा फोन नंबर त्यांच्याकडे होता. पण हा मालकाचा विषय आहे, डिझाइनरचा नव्हे, असं त्यांचं मत.

मी त्यांच्याच शेजारच्या खुर्चीवर लॅपटॉप उघडला. कागदासाठी मांडणीचे वेगळे नियम लिहिता येतात, हे वर्गात शिकवलं होतं आणि मी कधी वापरलं नव्हतं. कागदावर ओळी चारच्याच ठेवायच्या, वरचा मोठा फोटो इतरांएवढाच करायचा, पार्श्वभूमीचा रंग काढायचा, एकही ओळ मध्येच तुटू द्यायची नाही. पहिल्यांदा छापलं तर नावं फोटोंवर चढली. दुसऱ्यांदा फोटो अकरा आणि पुढे पांढरं. शर्माजी प्रत्येक कागद उलटा करून कच्च्या कामाच्या गठ्ठ्यात ठेवत होते. बाहेर परमजीत बाकावरून उठून दारात येऊन उभी राहिली होती.

"बैठ जाओ बेटा," शर्माजी तिला म्हणाले. "मशीन को नज़र लग जाएगी."

"अंकल जी, मेरी नज़र इतनी तेज होती तो मैं डॉक्टर होती."

तिसऱ्या कागदावर सगळे आले. शर्माजींनी टोपण काढून पेन हातात घेतलं आणि मोठ्याने मोजत एकेकावर खूण केली. तेरा म्हटल्यावर त्यांनी पुन्हा शेवटाकडून पहिल्यापर्यंत मोजलं. हेही मी केलं असतं.

मग प्रश्न आला किरणबालाच्या पैशांचा. ते तिच्या खात्यात पाठवले आणि तिने परमजीतला पाठवले तर त्यात पाच वाजून जाणार होते, कारण तिला वॉर्डमध्ये फोन जवळ ठेवायची परवानगी नव्हती. मी म्हटलं, परस्पर प्रवेशात वळते करा. शर्माजी म्हणाले, तिची सही लागेल. फोनवरची चालणार नाही, कागदावरची.

परमजीतने पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला. "सुबह ही लिखवा के लाई हूँ. मुझे पता था आप यही बोलोगे."

शर्माजींनी तो वाचला, सही प्रवेशअर्जावरच्या सहीशी ताडून पाहिली आणि पावतीपुस्तक ओढलं.

वर्ग सोमवारी सुरू झाला. परमजीत एकही तास चुकली नाही, असं शर्माजींनी पुढे कधीतरी आपणहून सांगितलं. किरणबाला हिमाचलमधल्या एका सरकारी रुग्णालयात रुजू झाली. पैसे वाटायची पद्धत बदला म्हणून मी मल्होत्रांना आणखी एकदा सांगून पाहिलं. पद्धत तीच राहिली. शर्माजींनी मात्र प्रिंटरची मांडणी बदलली आणि आता सगळी पानं छापतात.

पुढच्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हा नव्या निकालाच्या पानाचं काम माझ्याकडे आलं. निवड आठ जणांची. चारच्या दोन ओळी, सरळ बसल्या. लॅपटॉपवर मला काहीही करावं लागलं नाही. मल्होत्रांनी एका नजरेत पसंत केलं. त्या आठांत परमजीत नव्हती. थोडक्या गुणांनी राहिली होती. नावं मी दोनदा वाचली, मग यादी मागवून तिसऱ्यांदा. पान अगदी भरलेलं दिसत होतं. कोण नाही हे त्या पानावरून कुणाला कळलं नसतं.

नव्या वर्गाचे प्रवेश सुरू होते म्हणून मी काही बदल करायला ऑफिसात गेले होते, तेव्हा ती मला पुन्हा भेटली. शर्माजींच्या टेबलापुढे उभी होती, बरोबर रजनी नावाची एक तरुण नर्स, कमिटीतली तिसरी. मला बघून परमजीतच म्हणाली, "दीदी, उदास मत हो. मेरी बारी तो हो गई ना. अब इसकी है."

नियमाप्रमाणे परमजीतची निवड नाही, म्हणून परतीचे पैसे नाहीत, म्हणून रजनीच्या पहिल्या हप्त्याला काही नव्हतं. पण पहिला हप्ता त्या दिवशी भरला गेला. बावीस हजार पाचशे रुपये. त्यातले पंधरा हजार किरणबालाने हिमाचलहून आपल्या पगारातून पाठवले होते. साडेसात हजार परमजीतने दिले, महिन्याच्या दीड हजारांखेरीज, रोख. शर्माजींनी नोटा मोजल्या आणि पावती रजनीच्या नावे केली.